दुसऱ्याचा खेळ राखताना

मल्हारी,

आपण दोघं कुठं जन्मलो, ते आईला कधी धड सांगता आलं नाही. माझ्या वेळी वाडा दौंडकडं होता, कुणाच्यातरी ऊस निघालेल्या रानात. तुझ्या वेळी तर वाडा चालता होता. आई म्हणायची, "वाटंवर झाला. उन्हं कलली व्हती आन् घोडं म्होरं गेलं व्हतं." तुझी जन्माची नोंद तेवढीच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी गाव विचारलं, तर आबा माझ्याकडं बघायला लागले. मीच म्हणाले, इनामगाव लिहा. तिथं आपली पत्र्याची खोली होती, पावसाळ्यापुरती.

आपला वाडा म्हणजे चार बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं. दिवाळी झाली की भांडी, मेंढरं कोंडायची वाघराची जाळी, कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं घोड्यावर चढायची आणि आपण मागून चालायचो. ज्याचं रान मोकळं त्याच्या रानात मेंढरं बसवायची, खत द्यायचं, बदल्यात ज्वारी घ्यायची, आणि तो उठ म्हणाला की उठायचं. कधी कधी तो संध्याकाळीच उठ म्हणायचा. एकदा कानगावच्या अलीकडं एकानं आपल्याला त्याच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. मोटर चालू होती, पाटाला पाणी होतं, आणि आई हंडा घेऊन बांधावर उभी होती. तो म्हणाला, "तुमच्या मेंढरांनी कांद्याची सरी खाल्ली." सरी खाल्लेली नव्हती. आबांनी पागोटं काढून हातात घेतलं. तू आईच्या ओच्याला धरून रडत होतास, आणि तो माणूस आपल्यासमोर मोटर बंद करून निघून गेला. मेंढरं त्या दिवशी तशीच पुढं हाकली. जिभा बाहेर आलेल्या होत्या त्यांच्या. आबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. हे तुला आठवत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, आठवत असणार.

मग आबांनी शिरूरच्या बाजारातून तो जुना फोन आणला. कुठल्या कंपनीचा, ते कुणाला वाचता येत नव्हतं. पुढच्या मुक्कामाच्या शेतकऱ्याला आधी फोन करून विचारायचं, एवढ्यासाठी घेतलेला. त्यात एक खेळ आधीपासून होता. एक हमाल, तीन खेचरं, पाठीवर मिठाच्या गोण्या, आणि ओलांडायला सात घाट. अक्षरं परदेशी होती. आपण त्याला खेचराचा खेळ म्हणायचो.

सगळा वाडा तो खेळ खेळायचा. मामा खेळायचे, चुलती खेळायची, आबा तर गावच्या पुढाऱ्यासारखे शेजारी बसून नुसता सल्ला द्यायचे. "म्होरच्याला दमानं घे. मागचं लंगडतंय, दिसंना व्हय तुला?" खेचर लंगडत नव्हतं, त्याचं चित्रच तसं होतं, पण आबांपुढं बोलायची कुणाची टाप होती? तू पाच-सहा वर्षांचा असशील. रोज नवं रान, नवं पाणी, नवी कुत्री. फोन उघडला की मात्र तोच पहिला घाट, तोच पूल, त्याच वळणावर तोच दगड. काल जिथं होता तिथंच. मला हे त्या वेळी कळलं नव्हतं. तुला कळलेलं होतं बहुतेक, पोराच्या जातीला कळतं तेवढं.

मला शिरूरच्या वसतिगृहात ठेवलं, त्यासाठी मी आबांशी भांडले होते. मग तुला ठेवावं म्हणून पुन्हा भांडले. आपल्या चारी बिऱ्हाडांत पहिली बी.कॉम. मी, हे मी अजूनही कुणालाही सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. दुसरा पदवीधर तू. संगणकाची पदवी. तुझा निकाल लागला तेव्हा मामांनी विचारलं होतं, "म्हंजी हा आता फोन दुरुस्त करणार का?" आणि तू हसून म्हणालास, "व्हय मामा, तुमचाच पयला."

आबांनी मेंढरं विकली ती त्यानंतर. थोडी जमीन घेतली, इनामगावातच, घोडनदीच्या अंगानं. रांजणगावच्या कारखान्यात संगणक विभागात तुला नोकरी लागली, कारेगावात खोली घेतलीस. माझं लग्न राहूला झालं, मी कुरकुंभला एका कंपनीत स्टोअर सांभाळते. सगळं बसलं होतं रे. मला वाटलं, आता हा पुण्याला मोठ्या कंपनीत जाईल, एखाद-दोन वर्षांत परदेशात. मी तुझ्यासाठी जाहिराती बघायचे, पाठवायचे. तू अंगठ्याचं चित्र टाकून सोडून द्यायचास.

मग एका रविवारी तू राहूला आलास, जेवून उठलास आणि लॅपटॉप उघडून मला म्हणालास, "आक्का, बघ कोण आलंय." पडद्यावर तीन खेचरं उभी होती.

मला आनंद झाला होता. ते मी तुला सांगितलं की नाही, आता आठवत नाही. आधी मी विचारलं, "कुठनं मिळाला?" तू म्हणालास, मिळाला नाही, केला. कंपनी कधीच बंद झाली, ते फोन भंगारात गेले, खेळाची फाइल जगात कुणाकडं नाही. पण खेळाचे वेडे होते. कुणाकडं पडद्याचे जुने फोटो होते, कुणी कधीतरी दोन-चार घाटांचं चित्रण करून ठेवलेलं होतं, कुणाला नुसतं आठवत होतं. तुम्ही दहा-बारा जण इंटरनेटवर एकमेकांना सापडलात आणि तुकडा तुकडा जोडत होतात. जोडणारा तू. बाकीचे आणून देणारे.

"म्हणजे तू गेम बनवलीस," मी म्हणाले.

"गेम न्हाई गं. गेम त्यांनी बनवली. मी सिम्युलेटर केलाय. जशी हुती तशी पुन्हा चालती, एवढंच."

"मग त्यात काय तुझं?"

"काईच न्हाई," तू म्हणालास, आणि तुझा चेहरा असा उजळला की मला चीड आली.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. चौथ्या घाटात पाऊस लागला की मधल्या खेचराची शेपूट दिसेनाशी व्हायची. करणाऱ्याची चूक होती ती, मूळ खेळातली. तू किती दिवस खपून ती चूक तशीच्या तशी बसवलीस. मी म्हणाले, शेपूट दे की त्याला. तू म्हणालास, "त्यांनी न्हाई दिली. मी कोण देणारा?" मी म्हणाले, ह्या डोक्यावर तू स्वतःचा खेळ काढशील, नाव होईल तुझं. तू म्हणालास, "माझा खेळ कुणाला पायजे? ह्या माणसांचा खेळ गेलाय. गेलेलं शोधत आलेल्या माणसाला दुसरंच काहीतरी हातात द्यायचं, ह्याला काय अर्थ हाय?" मी म्हणाले, तुला त्यातून मिळतं काय? तू भाच्याकडं वळून म्हणालास, "तुझी आय स्टोअरला हाय ना, तिला आवक-जावक लागती."

मी अजूनही म्हणते, मल्हारी, माझा प्रश्न चुकीचा नव्हता. उघड्यावर जन्मलेल्या पोराची बहीण हाच प्रश्न विचारणार. तो विचारला म्हणून मला पश्चात्ताप नाही. उत्तर पुरं द्यायला तू राहिला नाहीस, ते दुःख आहे.

आणि पाण्याची गोष्ट. ती तर आपल्या घराशिवाय कुणाच्या घरात घडलीच नसती.

पहिल्या घाटाच्या पायथ्याला ओढा होता. आपल्या फोनवर खेचरं ओढ्याशी आली की थांबायची, माना खाली घालायची, आणि थोड्या वेळानं पाण्यात उतरायची. आबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच सांगितलं होतं, "पाणी पित्यात. पिऊ द्या. घाई करू नगा." मग आपल्या वाड्यात तो नियमच झाला. ओढ्याशी खेचरांचं पिऊन होईस्तोवर कुणी बटण दाबायचं नाही. एकदा मामांनी दाबलं, आणि ती खेचरं पुढं तिसऱ्या घाटात कोसळली, तर आबा चार दिवस मामांशी बोलले नाहीत. "तानेलं जनावर घाटात घालतोस? धनगराच्या पोटचा हायेस का कोण?" मामा बिचारे म्हणायचे, "दाजी, फोनातलं हाय वो ते!"

तू सिम्युलेटर केलास तेव्हा ते पाणी त्यात घातलंस. खेचरं ओढ्याशी थांबतात, पितात, आणि प्यायली नाहीत तर पुढं पडतात. आठवणीतून केलेलं सगळ्यात पहिलं काम तुझं तेच होतं. किती नाजूक केलं होतंस. मधलं खेचर पिताना कान हलवायचं.

मग तुझ्या त्या पाव्हण्यानं कळवलं. पाव्हणा म्हणजे युरोपातल्या कुठल्याशा थंड गावचा म्हातारा, निवृत्त. एकदा तुमच्या गटात आला तो गेलाच नाही, म्हणून तू त्याचं नाव पाव्हणा ठेवलं होतंस. त्याच्याकडं पहिल्या घाटाचं जुनं चित्रण होतं. त्यात खेचरं ओढ्याशी येतात आणि सरळ उतरतात. पाणीबिणी काही नाही. त्यानं नम्रपणे विचारलं होतं, हे पिणं तुम्ही कुठून आणलंत?

तू कारेगावहून मला फोन केलास. "आक्का, आपल्या फोनचं मधलं बटण आठवतंय का तुला?"

आठवत होतं. फोन आणला त्याच दिवशी आईच्या हातनं त्यावर दूध सांडलं होतं, तेव्हापासून ते बटण चिकटायचं. पाण्यात उतरायला तेच बटण लागायचं. दाबलं तरी लागायचं नाही, दोन-चारदा दाबल्यावर लागायचं. तेवढ्यात उभी खेचरं माना खाली घालायची, कारण त्या खेळात उभं राहिलं की कुठंही मान खालीच जायची. बाकी सगळं आबांनी घातलेलं. आपण इतकी वर्षं जे पाणी पाजत होतो, ते आबांच्या मनातलं पाणी होतं.

मी हसले. खरंच हसले, आणि म्हणाले, राहू दे की मग, छान आहे ते. मूळ खेळापेक्षा छान आहे.

"म्हणूनच ठेवता येत न्हाई," तू म्हणालास.

तू ते काढलंस. एका रविवारी इनामगावला जाऊन आबांपुढं लॅपटॉप ठेवलास. मीही आले होते. आबांनी चष्मा लावला, तुला सांगून सांगून पहिला घाट गाठला. ओढा आला. खेचरं थांबली नाहीत.

"पाणी पाजलं न्हाई?"

"न्हाई आबा. ह्या खेळात न्हाई ते."

"हुतं की."

"आपल्या बटणात हुतं. खेळात नव्हतं."

आबांनी पडद्यावरच्या ओढ्यावर बोट ठेवलं. "म्हंजी मी काय येडा हुतो का?"

"न्हाई आबा."

"मग ठेव. तुझ्या हातात हाय ना? ठेव."

"माझं न्हाई आबा ते."

आबांनी चष्मा काढून घडी करून खिशात घातला. "तानेलं मी न्हाई हाकणार," म्हणाले, आणि उठून शेळीला पाला टाकायला गेले. त्यानंतर त्या खेळाला त्यांनी हात लावला नाही. तू खाली मान घालून वायर गुंडाळत बसलास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला तुला थोबाडीत मारावीशी वाटत होती. एवढं रडू येतंय तर काढलंस कशाला? जगात कुणाला कळणार होतं?

परत निघताना मी तेच विचारलं. तू गाडी चालू केली नाहीस. म्हणालास, "आक्का, आबा अर्धलीनं मेंढरं राखायचे, आठवतंय?" आठवत होतं. दुसऱ्याची मेंढरं आपल्यात घेऊन राखायची, होणारी कोकरं निम्मी-निम्मी. "आपल्या मेंढरांचा कान आबा उजव्या अंगानं कातरायचे. दुसऱ्याच्या मेंढराला कधी कात्री लावली का? पाच-पाच वर्षं आपल्यात राहिलेली असायची. आय त्यांना नावानं हाका मारायची. पण कान कोरा. धनी आला की त्याचं त्याला जसंच्या तसं वळखू यायला पायजे. तो येईल, न येईल."

"पण ह्या खेळाचा धनी मेलाय मल्हारी. कंपनी बंद झाली."

"खेळणारी माणसं हायेत ना. तीच धनी आता."

एवढं बोलून तू किक मारलीस. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ते होतं. तुला काय मिळायचं, ते तू त्या दिवशीही सांगितलं नाहीस. मीच मनाशी जुळवलं. ज्याला लहानपणी कुठलीच जागा दुसऱ्या दिवशी तिथं सापडली नाही, त्याला एक जागा तरी तिथल्या तिथं ठेवायची होती. शेपूट नसलेल्या खेचरासकट. हे बरोबर आहे का चूक, ते सांगायला तू नाहीस. मीच बोलते आणि मीच हो म्हणते, असं चाललंय आता.

सातवा घाट तेवढा राहिला होता. तो कुणी पाहिलेलाच नव्हता. पाहिलाय म्हणणारे दोघं होते, तर एक म्हणायचा वर बर्फ आहे, दुसरा म्हणायचा गाव आहे. तुझ्या सिम्युलेटरमध्ये सहावा घाट संपला की काळा पडदा यायचा आणि त्यावर तू लिहिलं होतंस, पुढचं अजून माहीत नाही. मी म्हणायचे, घाल काहीतरी मनानं. लोक आनंदानं खेळतील. तू माझ्याकडं असा बघायचास, जसं काही मी चोरी करायला सांगितलं.

आणि मग न्हावऱ्याच्या पुढं, तिन्हीसांजेला, मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी. तू माझ्याकडंच येत होतास. ह्यापुढचं मी लिहीत नाही.

दहाव्याला नदीवर मांडव घातला होता. आपल्याकडं माणूस मेला की भाषणं होतात, हे तुला सांगायला नको, तू त्यांची नक्कल करून आईला हसवायचास. तीन जण बोलले. ज्यानं तुला कधी पाहिलं नव्हतं त्यानं माईक धरून सांगितलं की तालुक्याचा होतकरू संगणक अभियंता हरपला, समाजाची कधीही न भरून येणारी हानी झाली. मागच्या रांगेत आपला चुलतभाऊ कुणालातरी विचारत होता, "ती गेमची कंपनी त्याचीच हुती का?" दुसरा म्हणाला, "छ्या! फुकट करायचा. गेमच खेळायचा निस्ता." बायका माझ्याकडं बघत होत्या. मी बी.कॉम. आहे, चार माणसांत बोलता येतं मला. माईक मागावा, सांगावं तू काय करत होतास ते, असं वाटलं. उठलेसुद्धा. आणि मला पहिलं वाक्य सुचलं नाही. मेलेला खेळ जिवंत ठेवत होता, म्हणू? कुणासाठी? कशाला? माझाच प्रश्न त्या मांडवाखाली बसलेल्या साऱ्या तोंडांवर दिसला. मी खाली बसले.

पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, पोराची काही इच्छा राहिली नाही, सुटला. मी आईकडं पाहिलं. तिलाही ते पटलं होतं आणि त्यातच तिला थोडं बरं वाटत होतं, म्हणून मी बोलले नाही. सातवा घाट राहिला होता, मल्हारी.

तुझा लॅपटॉप माझ्याकडं आला. तुझ्या त्या माणसांना मी माझ्या बी.कॉम.च्या इंग्रजीत कळवलं. काय काय उत्तरं आली. एका बाईनं लिहिलं, तिचा नवरा आजारी असताना ती दोघं रोज एक घाट चढायची, आता ती एकटी चढते. एकानं लिहिलं, मी लहानपणी ज्या घरात हे खेळलो ते घर युद्धात गेलं. ही माणसं तू मला कधी दाखवली नव्हतीस. का रे? मी आवक-जावक मागितली म्हणून?

मग पाव्हण्याचा निरोप आला. यंत्रानं भाषांतर केलेला, मोडकातोडका, पण माणूस त्यातून दिसत होता. त्याला एक जुना फोन मिळाला होता. चार्जरला लावला तरच चालणारा. त्यातून खेळ बाहेर काढता येत नव्हता, पण खेळता येत होता, आणि म्हातारा तो सातव्या घाटापर्यंत खेळला होता. सगळं चित्रण केलं होतं. ते पाहून गटातला दुसरा एक जण शेवटचा भाग बसवायला तयार होता. फक्त त्यांनी सगळ्यांनी मिळून एक ठरवलं होतं, आणि त्याला माझी परवानगी हवी होती. सातव्या घाटाच्या माथ्यावर एक दगड आहे, कोरा. त्यावर तुझं नाव घालायचं. आणि तुझ्या आठवणीसाठी ओढ्यावरचं पाणी परत आणायचं. तू त्यांना आबांची गोष्ट सांगितली होतीस म्हणे. ते लिहीत होते, तुमचे वडील पुन्हा खेळू शकतील.

मी तो निरोप घेऊन इनामगावला गेले. आबा शेडच्या सावलीत बसले होते. वाचून दाखवला, मराठीत करून.

"दगडावर नाव?"

"हां."

"सगळ्या दुनियेला दिसंल?"

"जो वर चढेल त्याला दिसेल."

"मग इचारती काय पोरी? घाल म्हनावं." आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "दुसरं काय ऱ्हायलंय त्याचं? ना पोर, ना बाळ. घाल म्हनावं. आन् पानी बी पाजा म्हनावं."

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या मेंढराला कात्री लावली नाही, तो माणूस हे मला म्हणत होता. मी त्यांना काय सांगणार होते? बापाला न्याय शिकवायचा असतो का? मी "बरं आबा" म्हणाले आणि उठले. शिरूरपर्यंत येताना माझं ठरलं होतं की नाव घालायचं. मलाही ते नाव हवं होतं. तुझं नाव शाळेच्या दाखल्यावर मी घातलं, कॉलेजच्या अर्जावर मी घातलं. कुठंतरी ते टिकावं, एवढंच मागत होते मी. सगळ्यांची नावं कुठं ना कुठं असतात. आपल्याकडच्या दीडदमडीच्या पुढाऱ्याचं नाव बसथांब्यावर असतं.

राहूला येऊन लॅपटॉप उघडला. हो लिहायचं होतं. त्याआधी एकदा खेळून बघावं म्हणून चौथ्या घाटापर्यंत गेले. पाऊस लागला, मधल्या खेचराची शेपूट गेली, आणि मी तिथं थांबले. तू एक शेपूट दिली नाहीस. आबांचं पाणी स्वतःच्या हातानं काढलंस आणि रडलास. त्या खेळात मी तुझं नाव घालणार होते, तुझ्यासाठी म्हणून, तुला न विचारता.

मी पाव्हण्याला लिहिलं, नाव नको. पाणी नको. जसं असेल तसं.

त्यानं पुन्हा विचारलं, नक्की? मी लिहिलं, नक्की. आणि लिहून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून एवढी रडले की सासूबाई धावत आल्या. काय झालं विचारत होत्या. काय सांगणार? माझ्या भावाचं शेवटचं नाव मी आत्ताच पुसलं, असं? तुझ्या मनाप्रमाणं केलं, म्हणून मला बरं वाटलं नाही, मल्हारी. अजून वाटत नाही. तुझं चांगुलपण माझ्या अंगावर दगडासारखं पडलंय. तू असतास तर भांडले असते, आणि ह्या वेळी जिंकले असते कदाचित. आबांना मी खोटं सांगितलं नाही. गेले आणि सांगितलं, नाही घातलं. ते उठून रानात गेले. अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तुझे आभार मानायचे होते. सासरी मला आईला बघावंसं वाटायचं, तेव्हा तू कारेगावहून जाऊन आईला व्हिडिओ कॉल शिकवलास. माझ्या स्टोअरच्या संगणकावर काम अडलं की मी साहेबाला विचारायच्या आधी तुला विचारायचे, आणि तू कधी "आक्का, एवढं पण येत न्हाई का" म्हणाला नाहीस. हे सगळं जिवंतपणी सांगायचं असतं, पण आपल्याकडं बहीण-भाऊ आभार मानतात का एकमेकांचे? लोक हसले असते. तूच पहिला हसला असतास.

काल गटाकडून कळलं. सातवा घाट बसवून झाला. वर बर्फ नाही आणि गावही नाही, हमाल गोण्या उतरवतो आणि खेळ संपतो. खेळ आता पहिल्या घाटापासून सातव्यापर्यंत पुरा आहे, मूळ होता तसा, चुकांसकट, आणि जगात कुणालाही तो फुकट खेळता येतो. माथ्यावरचा दगड कोरा आहे.